चिमीचा वाटा

ता. ११ जुलै

चि. नानास अक्काचे अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचा दोष मी माझ्या सुनेवर ढकलते. तिनं औषधं शिकायचं मनावर घेतलंय आणि दिवसभर प्रश्न विचारून माझं डोकं खाते. मुळी खणताना निम्मी मागे का ठेवायची, फुलावर आलेल्या झुडपाला हात का लावायचा नाही, एक ना दोन. मी हे सगळं कधी न विचारता केलं, आता या वयात कारणं शोधत बसते. पण पोरगी हुशार आहे. तुझ्यासारखा पहिल्याच दिवशी खाजकुयलीत हात घालून तिनं गळा काढला नाही.

काल तिला डोंगरमाथ्यावर तांबडसालीपाशी नेलं. एवढ्या रानात या एकाच झाडाचं इतकं कौतुक का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बाकीची तांबडसालीची झाडं साल विकणाऱ्यांनी ट्रक भरभरून सोलून नेली, हे दोन दगडांच्या बेचक्यात उभं होतं म्हणून वाचलं. डोंगराच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, बाईचं रक्त थांबेना की लोक आपल्याच दारात येतात आणि आपण या झाडाच्या.

मग बाबांची वाटणी सांगितली. उगवतीची बाजू माझी, मावळतीची तुझी. मी माझ्या उतारानं चढायचं, तू तुझ्या. वीतभर रुंदीचीच पट्टी काढायची, ती भरून आल्याशिवाय दुसरी नाही. काढली की दुसऱ्याला पत्रानं कळवायचं. आणि दगड ओलांडून दुसऱ्याची बाजू बघायला जायचं नाही, कारण एकमेकांवर पहारा करत बसलात तर आयुष्यभर भांडाल, असं बाबांचं म्हणणं. सुनेला हे फार आवडलं. मग दगडांकडच्या दोन कडा कोणाच्या, असं तिनं विचारलं आणि मला हसूच फुटलं. आपल्या धाकट्या चिमीनं लहानपणी हेच विचारून जमिनीवर लोळण घेतली होती ना, दोघांना वाटा मिळाला नि मला का नाही म्हणून! जिथं कोणीच हात लावायचा नाही ती बाजू तुझी, झाड त्याच वाटेनं जेवतं, असं बाबांनी सांगितलं तेव्हा कुठे ती उठली. सुनेलाही मी तेच नाव शिकवलं. चिमीचा वाटा.

चिमीचं मात्र बरेच दिवस पत्र नाही. तू शहरात जाशील तेव्हा डोकावून ये. तिच्या यजमानांना, मास्तरांना नमस्कार सांग, आणि ते व्याकरण शिकवायला लागले तर लगेच चप्पल घाल.

तुझी छाती कशी आहे ते लिहायला विसरू नकोस. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी,
अक्का

—

ता. २ ऑगस्ट

ती. अक्कास नानाचा सा. न. वि. वि.

खाजकुयली अजून किती वर्षं काढणार आहेस? तेव्हा मी दुधाच्या दातांचा होतो. सुनेला सांग, तुझ्या सासूनं एकदा रानडुकराच्या भीतीनं झाडावर चढून तिथंच दुपारचं जेवण मागवलं होतं.

छाती ठीक आहे. रोपवाटिकेत बाकी सगळं जोमात आहे, फक्त तांबडसालीचं बी यंदाही रुजलं नाही. वाळूत घातलं, शेणात घातलं, गरम पाण्यातून काढलं. परवा मी वाफ्याशेजारी बसून त्याची मनधरणी करत होतो, ते पाहून पाणी घालणारी बाई हसत सुटली. हसू दे. ते झाड आहे तोवर बी मिळत राहील आणि कधीतरी एखादं डोळा उघडेल.

एक चांगली बातमी. आपल्या राईची राखीव म्हणून नोंद व्हायची आहे, त्यासाठी वनस्पतिशास्त्राच्या एक बाई पावसाळा संपला की मोजणीला येणार आहेत. तांबडसालीचं हे शेवटचं मोठं झाड, म्हणून राईचा अर्ज मंजूर झाला. एकदा नोंद झाली की साल विकणाऱ्यांना आत पाऊल टाकता येणार नाही. मला तर आत्तापासूनच परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय.

शहरात गेलो तेव्हा चिमीकडे उतरलो होतो. मजेत आहे. थोडी बारीक झालीय, पण जिभेची धार तशीच. पत्र लिहायचा कंटाळा, दुसरं काही नाही. तू मुद्दाम जायची दगदग करू नकोस.

आशीर्वाद असेच पाठवत जा, टपालखर्च माझा.

तुझा,
नाना

—

ता. १६ ऑगस्ट

ती. नानादादास चिमीचा सा. न.

साल पोचली. वर्तमानपत्रात अशी गुंडाळली होतीस की मास्तर आधी पुडक्यावरच्या बातम्या वाचत बसले. डॉक्टरांना विचारलं. गाठ काढण्यापलीकडे गेली आहे हे तुझ्यासमोरच त्यांनी सांगितलं होतं, आता रक्त जाऊ नये एवढंच बघायचं. त्यांच्या गोळ्या चालू ठेवून घरचा काढा घ्यायला त्यांची हरकत नाही. तीन दिवस घेतेय आणि खरंच उतार आहे. काल मी खिडकीपर्यंत चालत गेले आणि समोरच्या शिंप्याशी भांडलेसुद्धा.

दिलेला शब्द पाळ. अक्काला यातलं अक्षर कळता कामा नये. भावोजी गेल्यापासून ती आत्ता कुठे माणसांत आलीय, सुनेला शिकवतेय. तिच्या पदरात हे टाकू नकोस. मी बरी झाले की मीच सांगेन आणि तिच्या शिव्या खाईन.

तुझी लाडकी (दुसरी आहेच कोण),
चिमी

—

ता. २५ ऑगस्ट

चि. नानास अक्काचे अ. उ. आ.

तू नको म्हणालास तरी मी चिमीकडे जाऊन आले. सुनेचे डोळे तपासायचे होते, तेवढंच निमित्त. तू लिहिलंस तशीच आहे, बारीक झालीय खरी, पण ठणठणीत. तेव्हा तू निश्चिंत मनानं मोजणीच्या तयारीला लाग. छातीची काळजी घे आणि उगाच शहराच्या खेपा घालू नकोस.

आज जास्त लिहवत नाही. हाताला थोडं लागलंय, विशेष काही नाही.

तुझी,
अक्का

—

ता. ४ सप्टेंबर

ती. अक्कास चिमीचा सा. न.

सुतळीनं बांधलेलं तुझं पुडकं काल पोचलं. गाठ सोडवायला मास्तरांना शेवटी दात लावावे लागले. किती भरभरून पाठवलीस गं. एवढ्या रुंद पट्ट्या मी आपल्या घरात कधी पाहिल्या नव्हत्या. हाताला लागलंय असं तुझी सून लिहिते, ते यातच ना?

काढा रोज घेते. बरं वाटतंय. नानाला मात्र कळवू नकोस, शपथ घातलीय ती विसरू नकोस. त्याला कळलं तर सगळं सोडून इथं उशाशी येऊन बसेल, मोजणी तशीच राहील आणि त्याची छाती पुन्हा दुखायला लागेल. तुम्हा दोघांना एकदम सांभाळायची ताकद माझ्यात नाही.

पत्र थोडंच लिहितेय, रागावू नकोस.

तुझी,
चिमी

—

ता. ९ ऑक्टोबर

ती. अक्कास नानाचा सा. न. वि. वि.

तांबडसालीची पानं पिवळी पडायला लागली आहेत. हा तिचा पानगळीचा काळ नव्हे, शेजारची झाडं हिरवीगार आहेत. कीड असेल म्हणून मी माझ्या बाजूला खोडाशी बसून सगळं पाहिलं, भोक नाही की भुसा नाही. मुळांशी पाणी साचलेलं नाही. मला काही सुचत नाहीये, अक्का. तुझ्या बाजूनं जाऊन बघ.

एवढ्यात तू साल काढली होतीस का? तुझं पत्र नाही म्हणजे काढली नसणार, तरी विचारतो. मी काढलेली नाही.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
नाना

—

ता. १७ ऑक्टोबर

चि. नानास अ. उ. आ.

जाऊन आले. कीड माझ्याही बाजूला नाही. शेंड्याची फांदी तर पार उघडी झालीय. खाली पानांचा सडा पडलाय, त्यात बसून मी थोडा वेळ रडले, ते सुनेनं पाहिलं.

मी साल काढलेली नाही. काढली असती तर कळवलं नसतं का?

तुझी,
अक्का

—

ता. ५ नोव्हेंबर

ती. अक्कास नानाचा सा. न.

मोजणीच्या बाई काल आल्या होत्या. सकाळपासून खूश होत्या, दर झुडपापाशी थांबून मला नावं विचारत होत्या. तांबडसालीपाशी आलो. मी माझ्या बाजूला, नेहमीच्या जागी उभा राहिलो. घेर मोजायला त्यांनी दोरी काढली आणि सरळ दगडावर चढून पलीकडे उतरल्या. आपल्या घरातलं कोणी तसं कधी करणार नाही. त्यांना काय माहीत?

पलीकडे त्यांनी दोरी फिरवायला घेतली. मग त्यांनी मला हाक मारली. मी जात नव्हतो, अक्का. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा दगड ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा तुझी बाजू पाहिली.

मी खोटं बोललो होतो. ऑगस्टमध्ये मी साल काढली. चिमीच्या पोटात गाठ आहे आणि ती जाणार आहे, असं डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाले. तिनं मला तुझी शपथ घातली. मी डोंगरावर आलो तेव्हा वीत वगैरे काही आठवलं नाही. आठवलं, पण मनात आलं की अक्काची बाजू शाबूत आहे, झाड तेवढ्यावर जगेल. मग माझी सगळी बाजू काढली. तरी पुरेशी वाटेना, म्हणून दगड आणि खोड यांच्या फटीत हात घालून जिथवर विळा पोचला तिथवर काढली. चिमीच्याच वाट्यातून काढली. फटींत आत माझा हात पोचला नाही तेवढी साल उरली. ती राहू दिली. काल पाहिलं तर तीही नव्हती, अक्का. तुझा हात तिथवर येऊन गेला होता. तिथं उघडं लाकूड होतं.

आता सभोवार कुठेच साल नाही. बोटभरसुद्धा नाही. मुळांकडे जाणारं अन्न तुटलंय. हे साल विकणाऱ्यांचं काम का, असं बाईंनी विचारलं. हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी खरं सांगितलं. त्या भल्या बाई आहेत, बराच वेळ माझ्याशेजारी बसल्या. राईची नोंद होईल म्हणाल्या, बाकीच्या वनस्पतींच्या जोरावर होईल. पण या झाडापुढे काय लिहू, असं त्यांनी मलाच विचारलं. 

तू का काढलीस ते विचारत नाही. मला माहीत आहे. तुलाही तिनं माझी शपथ घातली असणार.

नाना

—

ता. ८ नोव्हेंबर

चि. नाना,

हो. तुझी शपथ घातली होती. तुझ्या छातीची.

मी तुझ्यानंतर गेले होते; फटीत बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं, मी दगड समजले, ते तू उघडं केलेलं लाकूड होतं. तुझी बाजू शाबूत आहे असंच मीही मनाशी म्हटलं. शब्दसुद्धा तेच, बघ. बाबांनी आपल्याला एकमेकांवर इतका विश्वास ठेवायला शिकवलं की त्यापायी झाड गेलं. कोणावर रागवावं तेच कळत नाही. तुझ्यावर रागवायला जाते आणि स्वतःचाच हात दिसतो. फटीत खरचटलेला, अजून बरा न झालेला.

रडून झालं असेल तर ऐक. कलमं बांधण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही. त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्या कापून वरच्या सालीत एक टोक नि खालच्या सालीत एक टोक खोचता येईल का? जखमेवरून पूल बांधल्यासारखं. वेळ टळून गेलीय हे मला कळतं, मला समजावू नकोस. तू तुझ्या बाजूनं ये, मी सुनेला घेऊन माझ्या बाजूनं येते. ओली माती, सुतळी, जुनी लुगडी मी आणते. आणि यावेळी दगड ओलांडून एकाच बाजूला बसू.

तिथून दोघं मिळून चिमीकडे जाऊ. तिच्यासमोर झाडाचं नाव काढायचं नाही. ती साल पितेय, तिला गोड लागू दे.

अक्का

—

ता. १५ नोव्हेंबर

ती. अक्कास व नानादादास चिमीचा सा. न.

तुम्ही दोघं परवा एकदम दारात उभे राहिलात तेव्हाच मी ओळखलं. कधी नव्हे ते एकाच गाडीनं आलात आणि दोघांच्या नखांत एकच माती. मग दिवसभर गप्पा काय मारल्या, तर शिंप्याच्या, सुनेच्या चष्म्याच्या, मास्तरांच्या खोकल्याच्या. झाडाबद्दल एक शब्द नाही. आपल्या घरात झाडाबद्दल न बोलता जेवण तरी झालंय का कधी?

मला माहीत होतं. आत्ता नाही, सप्टेंबरातच. अक्काचं पुडकं आलं तेव्हा नानाच्या पुडक्यातली साल डब्यात निम्मी शिल्लक होती. मास्तर शाळेत गेल्यावर मी दोन्हीकडच्या पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. मी काही औषधं शिकले नाही, पण त्याच घरात वाढले. नुसत्या तुमच्या दोन बाजूंवर एवढी साल नसते, तेवढ्या साली कुठून आल्या ते मला कळलं. माझ्या वाट्यातून आल्या हेही कळलं.

त्याच दिवशी तुम्हाला एक कार्ड टाकलं असतं तर वेळेत काही करता आलं असतं. मी कार्ड घेतलंही होतं. मग विचार केला, आपण कळवलं की हे दोघं अर्धी साल परत मागणार नाहीत, पण माझ्या तोंडाकडे बघून झाडाचं तोंड आठवतील. आणि मी प्यायची थांबेन. मला थांबायचं नव्हतं. मला जगायचं होतं गं, अक्का. फार काही नाही, नुसतं जगायचं होतं. सकाळी उठून मास्तरांच्या शर्टाला बटण लावायचं, शिंप्याशी भांडायचं. त्यासाठी मी गप्प बसले आणि रोज सकाळ-संध्याकाळ एक एक पेला ते झाड प्यायले.

आता रक्त पुन्हा सुरू झालंय. साल संपत आलीय. तुम्हा दोघांना मी एकमेकांच्या शपथा घातल्या नसत्या तर तुम्ही बाबांनी सांगितलं तसं पत्र टाकलं असतं, आणि झाड राहिलं असतं. हा माझा उद्योग आहे, तुमचा नाही.

राग आला असेल तर तसं लिहा. नसेल आला तर तेही लिहा. समोर येऊन सांगू नका, तुम्ही दोघं समोर खरं बोलत नाही. कागदावर लिहा.

तुमची,
चिमी

—

ता. १९ नोव्हेंबर

चि. चिमीस अक्काचे व नानाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नाना इथंच आहे. लिहितेय मी, कारण त्याच्या हातून अक्षर निघत नाहीये.

तू कागदावर खरं मागितलंस म्हणून लिहिते. राग आला. पत्र वाचल्यावर मी उठून परसात गेले आणि बादली लाथाडली. बादली कुठल्या कुठे गेली, सून घाबरली. नाना ती बादली उचलून जागेवर ठेवून आला. डोंगराच्या दोन्ही अंगांच्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आल्या. उद्या त्यातली कोणी दारात आली तर मी तिला काय देऊ? हे मला रोज वाटणार आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आता दुसरं खरं ऐक. तू ते कार्ड टाकलं असतंस, झाड की मी असं सरळ विचारलं असतंस, तरी मी विळा घेऊन तिथंच गेले असते. नानाला विचारलं, तोही तेच म्हणाला. म्हणताना त्याला फार लाज वाटली, कारण आयुष्यभर आम्ही लोकांना पट्टी वीतभरच काढा म्हणून दटावत आलो. दुसऱ्याच्या बहिणीसाठी आम्ही वीतभरच काढली असती. तुझ्यासाठी नाही काढवली. आमचं राखणं एवढंच होतं, हे आता कळलं.

आणि त्या दोन कडा तुझ्याच होत्या. बाबांनी तुला दिल्या होत्या. तुझं होतं ते तू घेतलंस, त्यात चोरी कसली? मनाला लावून घेऊ नकोस. काढा उरलाय तो सगळा पी, तळाचा गाळसुद्धा टाकू नकोस.

पूल बांधलेत. एकही अजून हिरवा दिसत नाही. नाना रोज सकाळी जाऊन बघतो.

रविवारी आम्ही दोघं येतो. यावेळी झाडाबद्दलच बोलू, तू मागशील तेवढं. तोवर शिंप्याला सांभाळून घे.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्याशिवाय न करमणारी,
अक्का
(आणि नाना. त्याला एवढंच लिहिता आलं.)

—

ता. २७ नोव्हेंबर

ती. अक्का व ती. नाना यांस मास्तरांचा सा. न. वि. वि.

परवा तुम्ही दोघं तिचं सगळं उरकून इथून निघालात. काल दुपारी पोस्टमन आला. तुमचं पत्र आहे, तिच्या नावाचं. शिक्का एकोणीस तारखेचा आहे. वाटेत कुठे अडकलं ते कळत नाही.

ती शेवटचे चार दिवस टपालाची विचारपूस करत होती. मी शाळेतून आलो की आधी माझ्या हातांकडे बघायची. अक्काचं काही आलं का, एवढंच. तुम्ही पोचण्याच्या आदल्या रात्री, जायच्या आधी, तिला बोलता येत नव्हतं, तेव्हाही तिनं दाराकडे बोट केलं. मला वाटलं तिला पाणी हवंय. मी पाणी आणलं.

इतक्या वर्षांत तिच्या नावाचं पत्र मी कधी फोडलेलं नाही. आत्ताही फोडलं नाही, तुमच्या फोटोमागे ठेवलं आहे. त्यात काय आहे ते मला सांगू नका. तुम्हा भावंडांतली गोष्ट असेल आणि मला ती समजणारही नाही. पण तिला जे ऐकायचं होतं ते त्यात लिहिलेलं होतं का, एवढं मात्र कळवा. एका शब्दात कळवलंत तरी पुरे.

मी रोज साडेपाचला घरी असतो. आता त्याआधीही असतो, शाळेतून रजा घेतली आहे.

माझ्यावरचा लोभ तिच्यामुळे होता हे मी जाणतो. तो यापुढेही राहू द्यावा ही विनंती.

आपला,
मास्तर